जपानीचा तास आणि एक झाडू

मी एकतीस वर्षं मास्तरकी केली आणि त्यातली बहुतेक घाबरत केली. शिक्षणाधिकारी येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून माझं पोट बिघडायचं. संस्थेचे अध्यक्ष व्हरांड्यातून चालत आले की हातातला खडू मोडायचा. भद्रावतीतल्या आमच्या घरापासून शाळेपर्यंत सायकलीनं पाऊण तास लागायचा. मधला दोन मैलांचा पट्टा झुडपी जंगलाचा होता आणि तिथल्या मातीत उमटलेले वाघाचे पंजे मी तीनदा पाहिले. तरी खरं सांगतो, त्या पंजांपेक्षा मला शाळेच्या फाटकात उभ्या असलेल्या माणसांची धास्ती जास्त वाटायची. वाघ निदान माझी नोकरी घेणार नव्हता.

अशा माणसाला एक दिवस जपानी शिकवायला सांगण्यात आलं.

ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमची शाळा भद्रावती आणि माजरीच्या मध्ये होती, पाचवी ते दहावी. एका अंगाला कापसाची शेतं आणि दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खाणी. पोरं दोन ठिकाणांहून यायची. गावातल्या शेतकऱ्यांची, म्हणजे माझ्यासारख्याच कुणबी घरांतली, आणि खाणीच्या वसाहतीतली. वसाहतीतली बरीचशी बौद्ध कुटुंबांतली होती. मी इंग्रजी शिकवायचो. नोकरीला तिसरं वर्ष लागलं होतं आणि कायम झाल्याचा कागद अजून हातात पडला नव्हता.

त्या हिवाळ्यात भद्रावतीजवळची विजासनची बौद्ध लेणी पाहायला जपानी यात्रेकरूंचा एक गट आला. गट दोन दिवसांत गेला, पण त्यातल्या हारादा बाई मागे राहिल्या. साठी उलटलेल्या, चणीनं बारीक, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. लेण्यांजवळच्या विहारात त्या चार महिने राहणार होत्या. एकदा त्या आमची शाळा पाहायला आल्या आणि अध्यक्षांच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"टोंगे सर, तुमाले इंग्रजी येते न?"

"येते साहेब."

"मंग जपानी काऊन नाई येणार? बाईपासून शिकून घ्या. जूनपासून सहावी-सातवीले शिकवाचं. अख्ख्या जिल्ह्यात कोणाच्या शाळेत जपानी नाई."

नाही म्हणायचं मी ठरवून आत गेलो होतो. पण माझ्या तोंडातून आजवर कोणत्याच अध्यक्षांसमोर 'नाही' निघालेलं नाही, तेव्हाही निघालं नाही.

दर शनिवारी दुपारी आणि रविवारी मी विहाराच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. बाईंचं इंग्रजी मोडकं, माझं पुस्तकी, आणि अडलं तिथं दोघांचंही हिंदी. बाईंनी माझ्यासाठी दोनशे पानी वही केली. अक्षरं, त्यांचे उच्चार, वाक्यं, आणि शब्दाजवळ छोटी छोटी चित्रं. रविवारी वस्तीतल्या बाया वंदनेला यायच्या. त्यांच्यासोबत आमच्या शाळेतली रत्नमाला नगराळे यायची. तेव्हा सहावीत होती. आईची वंदना चाललेली असताना ती आमच्या बाजूला येऊन बसायची. वही नाही, पेन्सिल नाही, नुसती ऐकायची आणि तिचे ओठ हलत राहायचे.

बाई जायच्या आधी त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर एक मोठं चित्र काढलं. तो रविवार होता. चित्रात एक शाळा होती. डोक्याला फडकी बांधलेली पोरं झाडत होती, पुसत होती, दोघं संडास घासत होते. बाई म्हणाल्या, याला 'सोजी' म्हणतात. त्यांच्याकडे वर्ग झाडायला शिपाई नसतो. रोज घंटा होते आणि सगळी शाळा मिळून शाळा साफ करते. पोरांच्या पुढे बाह्या वर केलेला एक मास्तर झाडू मारत होता आणि हेडमास्तरांच्या हातात बादली होती. मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चित्रातल्या मास्तरावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सेन्सेई फर्स्ट." सेन्सेई म्हणजे गुरुजी. ते त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मीही आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं तीनदा म्हटलं.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. कार्यानुभवाचा तास मला मिळाला. एरवी त्या तासाला पोरं कागदी पिशव्या चिकटवायची. स्वतःला न येणारा विषय कसा शिकवतात, हे बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगतो. आपण पोरांच्या पुढे फक्त एका पाठानं असायचं आणि चेहऱ्यावर शंभर पाठांचा रुबाब ठेवायचा. कोणी पुढचं विचारलं तर 'ते नंतर येणार आहे' म्हणायचं. रात्री जेवून मी वही उघडायचो, उद्याची आठ अक्षरं घोकायचो, आणि सकाळी जंगलाच्या पट्ट्यात सायकल जोरात हाकत ती मोठ्यानं म्हणायचो. वाघानं माझं जपानी ऐकलं असेल तर तो त्याच कारणानं लांब राहिला असावा.

पण वर्ग रंगला, हे कबूल करायला हवं. खाणीकडून वारा सुटला की बाकांवर कोळशाच्या पुडीचा थर बसायचा. पोरं त्या पुडीत बोटानं जपानी अक्षरं गिरवायची. चुकलं की फुंकर मारायची आणि पुन्हा लिहायची. डब्यात भात सगळ्यांचाच असायचा, मग मी बांबूच्या कामट्या तासून आणायला लावल्या आणि आम्ही काड्यांनी भात खायला शिकलो. अर्धा भात बाकावर, अर्धा पोटात. आणि वाकून नमस्कार. ते शिकवायच्या दिवशी वसाहतीतली पोरं जरा आक्रसली होती. कोणी कोणापुढे वाकायचं, हा त्यांच्या घरी थट्टेचा विषय नव्हता. रत्नमालानं उभं राहून विचारलं, "सर, पयले कोण वाकते?"

मी म्हटलं, "दोघंही वाकतात. गुरुजीसुद्धा पोरांपुढे वाकतात." आणि मी टेबलामागून पुढे येऊन त्या अठ्ठावीस पोरांपुढे कमरेतून वाकलो. वर्गात एकदम टाळ्या पडल्या. त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत गेलो. पोरांपुढे वाकायला मला भीती वाटली नाही, कारण वर्गाचं दार लावलेलं होतं.

एकदा शिक्षणाधिकारी अचानक आले. फळ्यावर जपानी अक्षरं होती. साहेबांनी फळा बराच वेळ पाहिला, पोरांकडून दहापर्यंत आकडे म्हणवून घेतले आणि शेरा लिहिला, 'उपक्रम स्तुत्य'. तेव्हा मला कळलं की मी काय शिकवतो हे तपासणारं जिल्ह्यात कोणी नाही.

तपासणारं एकच माणूस होतं आणि ते तिसऱ्या बाकावर बसायचं. रत्नमाला वर्गात कधी हात वर करायची नाही. तास संपला की टेबलाशी यायची आणि हळूच म्हणायची, "सर, बाई असं नाई म्हणत होत्या." मग ती म्हणून दाखवायची आणि बाईंचाच आवाज कानात यायचा. मला तिचं कौतुक वाटायचं आणि तिची भीतीही वाटायची. सातवीतल्या पोरीची.

दिवाळीनंतर हारादा बाईंचं अध्यक्षांना पत्र आलं. जानेवारीत त्या बारा जणांना घेऊन येणार होत्या आणि त्यांना शाळा पाहायची होती. अध्यक्षांनी मला बोलावून विचारलं, त्यांच्या देशातल्या शाळेसारखं काय काय दाखवता येईल? घाईगडबडीत मी वहीच उघडून समोर धरली. वहीचं शेवटचं पान त्यांना फार आवडलं.

"हे मस्त आहे. पोट्टे झाडून राह्यले अन पाहुणे पाहून राह्यले. उद्यापासून सुरू करा." मग त्यांनी चित्रातल्या मास्तराकडे पाहिलं. "पण हे नाई. तुमी झाडू नका धरू. मास्तरानं झाडू धरला तं पोट्टे त्याले काय भितीन? अन माह्या नातवाले धुळीचा तरास आहे, त्याले सोडा."

मी मान हलवली. कायमचा कागद त्यांच्याच टेबलाच्या खणात होता.

सोजी सुरू झाली. मी बाकवार पाळ्या लावून दिल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना मजा वाटली. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या यायला लागल्या. अध्यक्षांच्या नातवाला धूळ चालत नव्हती. मग पाटलांच्या मुलाला चालेनाशी झाली. एकाला सर्दी, एकीचा उपास, एकाच्या आजोबांना हे आवडत नाही. सगळ्या चिठ्ठ्या गावातल्या घरांतून. मी प्रत्येक चिठ्ठी वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. आठवडाभरात झाडू धरायला सहा पोरं उरली. सहाही वसाहतीतली, सहाही बौद्ध घरांतली. मला दिसत नव्हतं असं नाही. रोज दुपारी ती सहा पोरं वर्ग झाडताना, बाहेरचा संडास धुताना दिसत होती, आणि बाकीची बावीस कट्ट्यावर बसून पाय हलवत होती. मी हजेरीपटात डोकं घालून बसायचो. कोणाला काही बोललो तर ते अध्यक्षांपर्यंत जाईल, ही भीती होती.

एक दिवस रत्नमाला झाडू हातात घेऊनच टेबलाशी आली. नाकाला काळी पूड लागली होती.

"सर, जपानमधी सर बी झाडते काय?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. "नाही," मी म्हटलं. "सर देखरेख करतात."

"बरं सर" म्हणून ती संडासाकडे गेली.

दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. सुखदेवभाऊ माजरीच्या खाणीत टिंबर मिस्त्री होते, म्हणजे खाली बोगद्याच्या छताला लाकडी टेकू लावणारे. पाळी संपवून ते तसेच आले होते, तोंड काळं, डोक्याचं हेल्मेट काखेत. मी त्यांना फाटकातून आत येताना पाहिलं आणि मी काय केलं तर नकाशांच्या खोलीत शिरलो आणि आतून कडी लावली. भारताच्या नकाशाच्या मागे उभा राहून मी सगळं ऐकलं.

"माह्या आज्यानं चावडी झाडली," ते व्हरांड्यात मुख्याध्यापकांना सांगत होते. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागत होता. "माह्या बापानं पाटलाचं आंगण झाडलं. छप्पन साली बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला अन झाडू नेऊन वर्धा नदीत फेकला. मी लहान होतो, सोबत गेलो होतो, माह्या डोयानं पाह्यलं. अन तुमी माह्या पोरीच्या हातात संडासाचा झाडू देता? अन वरून नाव जपानचं? कुठी आहेत थे सर?"

"टोंगे सर आज रजेवर आहेत," मुख्याध्यापक म्हणाले.

माझी सायकल समोर कडुनिंबाखाली उभी होती. ती कोणाची हे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. खिडकीच्या फटीतून मला रत्नमाला दिसली. दप्तर पाठीला लावून ती वडिलांजवळ उभी होती आणि माझ्या सायकलीकडे पाहत होती. वडिलांना तिनं काही सांगितलं नाही. ती त्यांच्यासोबत गेली. 'आता हे पोरगी या शाळेत येणार नाई,' एवढंच जाताना ते म्हणाले. राजुऱ्याला तिच्या मामाकडे धाडणार, तिथं ती मामाची लहान पोरं सांभाळेल, असं दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या पोरांकडून कळलं. म्हणजे शाळा सुटली. त्या भागात सातवीतून मामाकडे गेलेली मुलगी पुन्हा वर्गात बसलेली मी पाहिलेली नाही.

ती नऊ दिवस आली नाही. तिसरा बाक रिकामा, त्यावर पुडीचा थर वाढत गेला. मला झोप लागेना. एकीकडे ती पोर डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि दुसरीकडे, लाज वाटते तरी सांगतो, पाहुण्यांपुढे जपानी बोलणारी तेवढी एकच होती. अध्यक्षांनाही ते ठाऊक होतं. ते म्हणाले, "घेऊन या तिले. नाई आली तं तुमच्या कायमचं मी पाहीन मंग."

रविवारी दुपारी मी सायकल काढली आणि माजरीच्या क्वार्टरांकडे निघालो. वाटेत तीनदा उतरलो आणि तीनदा परत फिरायचा विचार केला. वसाहतीत शिरताना वाटलं, इथं मला कोणी मारलं तर चूक माझीच असेल.

कोणी मारलं नाही. सुखदेवभाऊंनी खाट झटकून दिली. "बसा सर," म्हणाले. भिंतीवर बुद्धाचा फोटो होता आणि त्याखाली रत्नमालाची पुस्तकं नीट रचून ठेवलेली होती. तिच्या आईनं चहा आणला.

"मुलीला शाळेत पाठवा," मी म्हटलं. "हुशार आहे."

"थे मले माहीत आहे." ते समोर उकिडवे बसले. "सर, मी मिस्त्री आहो. खाली नवीन गाळा उघडला की छतावर पहार ठोकून पाहा लागते. आवाज पोकळ आला तं छत येते खाली. थे ठोकाचं काम माहं. पयले मी जातो, मजूर मांगून येते. मी त्याइले पुढं धाडून मांगं उभा राह्यलो तं मले मिस्त्री कोण म्हणन?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"अन झाडूचं सोडा. पोरीनं घरी येऊन मले काय सांगतलं माहीत आहे? म्हणे, बाबा, सर खोटं बोलले. बाईनं चित्र काढलं तवा मी बाजूलेच होतो, म्हणे. त्यात सर झाडून राह्यले होते. बाईनं सराइले तीनदा म्हणाले लावलं, म्हणे."

म्हणजे तिला माहीत होतं. झाडू हातात घेऊन ती टेबलाशी आली तेव्हाच तिला उत्तर माहीत होतं. ती मला विचारत नव्हती, ती माझ्यावर पहार ठोकून पाहत होती. त्या खोलीत मला जी भीती वाटली ती नोकरीची नव्हती, मार खायचीही नव्हती. बारा वर्षांच्या पोरीनं आपल्याला आतून ओळखलंय, याची ती भीती होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं. असं मी कोणापुढे त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. मग लगेच शेपूट लावलं, "पण अध्यक्ष मला झाडू धरू देणार नाहीत."

"थे तुमचं तुमी पाहा," सुखदेवभाऊ म्हणाले. "मी तुमच्यापासून काई मांगत नाई. पोरीलेच इचारा."

रत्नमाला दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मी येतो सर. पण पाहुण्यायसमोरचं भाषण मी लिहीन. तुमाले दाखवणार नाई."

ती दुसऱ्या दिवशी आली. त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. मधल्या सुट्टीत ती कडुनिंबाखाली बसून लिहायची आणि मी जवळ गेलो की वही मिटायची. तिचं जपानी आता असं होतं की जे सांगायचं ते ती सांगू शकत होती. चिठ्ठ्यांचं सांगू शकत होती. सहा पोरांचं, कडुनिंबाखालच्या सायकलीचं सांगू शकत होती. गावातल्या कोणालाही त्यातलं अक्षर कळणार नव्हतं, पण समोर बसणाऱ्या तेरा माणसांना सगळं कळणार होतं. त्यातल्या हारादा बाईंनी एक प्रश्न हिंदीत विचारला असता, तर अध्यक्षांनाही कळलं असतं.

"भाषण वाचलं न तुमी?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो साहेब. चांगलं आहे."

पाहुणे आले त्या दिवशी मंडप होता, सनई होती, आणि पाहुण्यांना दाखवायला अठ्ठावीसही पोरांच्या हातात नवे झाडू होते. अध्यक्षांच्या नातवाची धूळ त्या दिवसापुरती बरी झाली होती. हारादा बाई जरा वाकल्या होत्या, पण डोळे तसेच होते. मागे फाटकाजवळ, पाळीवरून तसेच आलेले, हेल्मेट काखेत धरून सुखदेवभाऊ उभे होते. मी मंचाच्या कडेला खुर्चीवर बसलो होतो.

रत्नमाला पुढे आली. कागद हातात नव्हता. तिनं वाकून नमस्कार केला आणि बोलायला लागली. माझं नाव हे, माझे वडील जमिनीखाली काम करतात. आमच्या बाकांवर कोळसा पडतो, त्यात आम्ही तुमची अक्षरं लिहितो. पाहुणे हसले. बांबूच्या काड्यांनी आम्ही भात सांडतो. पुन्हा हसले. मला प्रत्येक वाक्य कळत होतं आणि पुढच्या वाक्याची धडकी भरत होती. मग तिनं तो शब्द उच्चारला, सोजी. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. ती थांबली, मंचाच्या कडेला वळली, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाली,

"मिन्ना दे सोजी ओ शिमास्. सेन्सेई मो शिमास्."

आम्ही सगळे मिळून साफसफाई करतो. आमचे गुरुजीसुद्धा करतात.

टाळ्या झाल्या. गावानं काही न कळता वाजवल्या, पाहुण्यांनी कळून वाजवल्या. हारादा बाई उठल्या, मंचाच्या कडेपर्यंत आल्या आणि माझ्यापुढे कमरेतून खोल वाकल्या. "सेन्सेई फर्स्ट," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मीही वाकलो. तोंड वर करायची हिंमत होईना, म्हणून वाकलेलाच राहिलो. लोकांना वाटलं, सर जपानी शिष्टाचार किती पाळतात.

गर्दी पांगल्यावर सुखदेवभाऊ माझ्याजवळ आले.

"सर, पोरगी काय बोलली? मले तं एक शब्द नाई समजला. तिले इचारलं तं म्हणते, सराइले इचारा."

तेव्हा खोटं बोलणं फार सोपं होतं. मी आजूबाजूला पाहिलं. रत्नमाला लांब उभी राहून माझ्याकडेच पाहत होती.

"म्हणाली, आम्ही सगळे झाडतो. सरसुद्धा झाडतात."

त्यांनी हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं आणि म्हणाले, "असं म्हणाली काय. मंग आता झाडा लागन सर तुमाले."

दुसऱ्या दिवशी मी शाळा भरायच्या तासभर आधी पोचलो. वर्गाचं दार आतून लावलं आणि झाडू घेतला. मी शूर झालो असं कोणी समजू नये. दार लावून झाडलं, खिडक्या लावून झाडलं. दार उघडं ठेवायला मला पुढे दोन महिने लागले. एकदा अध्यक्षांनी पाहिलंच. "हे काय टोंगे सर?" तर मी म्हटलं, "साहेब, पाहुणे अचानक परत आले तर?" ते मान हलवून गेले. पाहुण्यांनंतर पोरांची सोजी त्यांनी बंदच करून टाकली होती, संडास पुन्हा शिपायाकडे गेला होता, आणि मीही वर्गापलीकडे झाडू नेला नाही. कायमचा कागद मला त्या उन्हाळ्यात मिळाला. जपानीचा तास आणखी दोन वर्षं चालून आपोआप बंद पडला. आता मला त्यातले आकडे आणि दोनचार वाक्यं येतात. चिठ्ठ्या देणाऱ्या घरांना मी कधी काही बोललो नाही. तेवढं धैर्य मला शेवटपर्यंत आलं नाही आणि त्याचं वाईट वाटतं.

पण पहिल्या दिवसाचं राहिलं. पाठ मोडून वर्ग झाडला, बाक पुसले, हात धुतले आणि काहीच घडलं नसल्यासारखा खुर्चीवर बसलो. घंटा झाली, पोरं आली. रत्नमाला तिसऱ्या बाकाशी आली. बसायच्या आधी तिनं बाकावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बोट फिरवलं. मग बोट उलटं करून पाहिलं. काळं झालेलं नव्हतं. ती बसली आणि तिनं वही उघडली.

दहावी होऊन शाळा सोडेपर्यंत तिनं माझ्या प्रत्येक तासाला बसायच्या आधी असं बोट फिरवलं. आणि रोज मी हजेरीपटात डोकं घातल्यासारखं करून, श्वास धरून, ते बोट काळं निघतं का ते पाहत राहिलो.